राईतला पहिला घाव

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणत नसे. सांगलीला मामाकडे राहून मी शिक्षिकेचा कोर्स पुरा केला होता, पासही झाले होते, आणि आता नेमणुकीची ऑर्डर येईपर्यंत गावी बसून राहायचं होतं. बसून राहणं मला जन्मात जमलेलं नाही. आमचं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. एसटी खाली फाट्यावर सोडून जायची आणि पुढं सगळा चढ. पोस्टमनला तो चढ नको असायचा, म्हणून तो गावची पत्रं फाट्यावरच्या चहाच्या टपरीत ठेवायचा. मी उठसूट तिथं जायचे आणि टपरीवाला मला लांबून बघूनच मान हलवायचा. बहात्तरचा दुष्काळ सरून गेल्यानंतरचा तो हिवाळा होता. आमच्या डोंगरात दुष्काळानं फारसं काही केलं नव्हतं, पण माणसं तेव्हाही त्याच गोष्टी बोलत होती.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. गाव त्यांना हवालदार म्हणायचं, कारण पलटणीतून ते त्या हुद्द्यावर पेन्शनीत आले होते. घरी आले तरी पलटण सुटली नव्हती. जेवण टैमावर, अंघोळ टैमावर, आणि कुणी उशीर केला की ‘ये क्या तमाशा है’ हे हिंदीतून. बसून राहणं त्यांनाही जमत नसे. माझी भिंगरी कुठून आली हे सगळ्या गावाला दिसत होतं, फक्त आम्हा दोघांना एकमेकांचं दिसत नव्हतं.

आबांच्या जिवाला एक घोर लागलेला होता. एकाहत्तरच्या लढाईत खंदकात बसलेले असताना त्यांनी आमच्या गावच्या देवीला नवस बोलला होता: जिवंत परत आलो तर तुझ्या डोक्यावर पक्कं छप्पर घालीन. ते परत आले, अंगावर ओरखडा न उमटता आले, आणि देवी मात्र होती तशीच गवती छपराखाली. जेवताना मध्येच हात थांबायचा आणि ते म्हणायचे, “तिनं आपलं काम केलं. आपुन काय केलं?” आईनं या प्रश्नाला उत्तर देणं सोडून दिलं होतं.

देवी बसली होती राईत. गावाच्या वर आणि धनगरवाड्याच्या खाली, डोंगराच्या खोबणीत ती राई. अंजनी, जांभूळ, हिरडा, बेहडा, आणि त्यांच्यात गुंतलेल्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत अंगावर शहारा यायचा. आत जाताना वहाणा बाहेर काढायच्या. आतली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही. झाड पडलं तर पडलं, तिथंच कुजायचं. राईच्या बुडाशी झरा होता. भर वैशाखात गावची विहीर तळ दाखवायची तेव्हाही तो आटत नसे, आणि वाड्यावरच्या म्हशी त्याच्यावर जगायच्या.

वाड्यावरच्या धनगरांचा म्होरक्या म्हणजे एक म्हातारे बाबा. उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडं आणि बोलणं अगदी सावकाश. आईच्या गुडघ्यांसाठी ते एका झाडाची साल द्यायचे. ती आणायला मी जायचे, कारण मला कुठंतरी जायला निमित्तच हवं असायचं. बाबा माझ्यासोबत रानात यायचे, राईत नव्हे, वरच्या रानात. झाडासमोर उभं राहून हात जोडायचे, पुटपुटायचे, मग एकाच बाजूनं तळहाताएवढी साल काढायचे आणि उघड्या जागेला शेण लावायचे. पुढच्या खेपेला दुसरं झाड.

“त्याच झाडाची घ्या की, जवळ आहे,” मी म्हणायचे.

“त्याला आजून बरं वाटलं न्हाई,” बाबा म्हणायचे.

झाडाचं नाव मात्र सांगायचे नाहीत. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो. मला हे अजिबात पटायचं नाही. एकदा मी चिडून म्हटलं, “बाबा, उद्या तुमचं काही झालं म्हणजे हे सगळं तुमच्याबरोबर जाणार. कुणाचं भलं झालं त्यात?” त्यावर ते हसले. “सुनंला दिलंय की. लेकीला सांगून काय उपेग, ती दुसऱ्या डोंगराला जानार. सून हितं ऱ्हानार. हितलं रान हितल्या मानसाला.” त्यांची सून, माझ्याहून थोडीच मोठी, शेजारी शेण कालवत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

आता सांगलीचं सांगते. मामाच्या घराला लागून लाकडाची वखार होती. मी दोन वर्षं करवतीच्या आवाजात अभ्यास केला. पावसात भिजलेल्या ओंडक्यांचा वास खिडकीतून आत यायचा आणि तो मला आवडायचा, हे खरं सांगायला हवं. मालक गोड माणूस होता. मामीला ढलप्या फुकट द्यायचा आणि माझी परीक्षा कशी झाली हे आठवणीनं विचारायचा. तोच माणूस त्या मार्गशीर्षात आमच्या ओट्यावर येऊन बसला, हातात मामीनं दिलेली भडंगाची पुडी घेऊन. मला आनंद झाला. मी चहा टाकला. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा आबा आणि तो राईबद्दल बोलत होते.

बेत असा होता. देवीला सिमेंटचं देऊळ, वर स्लॅब, खाली फरशी, पुढं सभामंडप. सगळं तो बांधून देणार. बदल्यात राईतली मोठी झाडं त्यानं न्यायची. देवीभोवती शोभेला थोडी राखायची.

“शोभेला?” मी म्हटलं.

“तू आत जा,” आबा म्हणाले.

मी गेले नाही. मी म्हटलं, “देवी राईत बसलीय म्हणून ती देवी आहे. राई काढून तिला उन्हात बसवणार, आणि वर छप्पर घातलं म्हणून पाया पडणार?” आबांचा चेहरा लाल झाला. पाहुण्यासमोर त्यांनी मला काही म्हटलं नाही, आणि त्यानंतर बरेच दिवस पाहुणा नसतानाही म्हटलं नाही. आमच्या घरात अबोला आला. दोन अस्वस्थ माणसं एका घरात, आणि मधे आई भाकऱ्या थापत बसलेली.

गावातही एकमत नव्हतं. जुन्या बायका कुरकुरत होत्या. मुंबईला आणि पलटणीत असलेल्या पोरांना देऊळ हवं होतं. शेवटी आबा म्हणाले, देवीलाच विचारू. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला हीच वाट होती. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या कळ्या चिकटवायचा आणि सगळ्यांनी प्रश्न सांगून थांबायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल लावणं म्हणतात.

सगळं गाव राईत अनवाणी जमलं. वाड्यावरून बाबा, त्यांची दोन्ही मुलं आणि इतर धनगर आले. आबांनी प्रश्न सांगितला, पलटणीत रिपोर्ट द्यावा तसा खणखणीत. कळ्या हलल्या नाहीत. कुणी खोकलं तरी माना वळत होत्या. मला उभं राहवेना, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. डावी पड, डावी पड, असं मी मनात म्हणत होते. देवावर माझा फार विश्वास नव्हता तरी म्हणत होते. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, पुन्हा कळ्या ओल्या करून लावल्या. आणि उजवी पडली.

गुलाल उधळला गेला. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मात्र संतापले होते, कारण दुसऱ्या वेळी उजवी कळी लावताना गुरवाची बोटं जरा सैल होती असं मला वाटलं होतं. परतताना मी बाबांना गाठलं आणि तसं सांगितलं.

“बोटं गुरवाची आसत्यात,” ते म्हणाले. “कळी तिची आसती.”

“पण राई गेली तर झरा जाईल, हे तुम्हीच सांगता ना?”

“जाईल की.”

“मग तुमच्या म्हशी? तुम्ही कुठं जाणार?”

“तिनं व्हय म्हटलंय, पोरी. आता मी न्हाई कसं म्हनू?”

मला त्यांचा इतका राग आला की मी उत्तर न देता खाली उतरले. जिनं आजवर राई राखली त्याच देवीच्या शब्दानं राई जाणार होती, आणि राखणाऱ्यांचे हात त्याच शब्दानं बांधले गेले होते. वाड्यावरच्या माणसांनी एकदा तरी आरडाओरडा करावा असं मला वाटत होतं. तो त्यांनी केला नाही.

पण एक गोष्ट वखारवाल्याला कुणी सांगितली नव्हती. राईत कुऱ्हाड चालवायची झाली तर पहिला घाव घालायचा मान बाबांच्या घराण्याचा. त्यांचे पूर्वज या डोंगरात आधी आले, देवी त्यांना सापडली, म्हणून हा मान. त्यांचा घाव पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी घाव घातला तर तो रक्त ओकून मरतो, असं मानत. वखारवाला हसला. पण झाडं तोडायला त्यानं जी माणसं आणली होती ती कवठे महांकाळकडची, दुष्काळात खडी फोडून आलेली, आणि ती हसली नाहीत. त्यांचा मुकादम म्हणाला, “मालक, आमच्याकडं देवाला सावली द्याया एक झाड न्हाई. हितं देवानं येवढी ठेवल्याती. मान जेचा हाय तेनं हात लावू दे, मग आमी लावतो.” ती माणसं राईच्या खाली पाल ठोकून राहिली आणि झऱ्यावर तासन्‌तास अंघोळी करत बसली. एवढं वाहतं पाणी बघून त्यांचं मन भरत नव्हतं.

आबा बाबांकडे गेले. बाबा म्हणाले, “घालतो की. देवीचा सबूद हाय.” फक्त कुऱ्हाडीला नवा दांडा हवा, मानाच्या कामाला जुना चालत नाही. त्यासाठी लाकूड आणलं, ते सावलीत वाळायला ठेवलं. उन्हात ठेवलं तर चिरतं. वाळल्यावर बाबा रोज सकाळी दारात बसून दांडा तासायचे, हातात धरून बघायचे, पुन्हा तासायचे. आबा घड्याळ बघत समोर बसायचे. दांडा तयार झाला तेव्हा म्हैस व्याली. तिचा चीक देवीला गेल्याशिवाय काही नाही. मग सून बाळंत झाली, घरात सोयर आलं. ते फिटलं तर पलीकडच्या डोंगरावर भावकीतला कुणी वारला आणि सुतक आलं. त्यानंतर अमावस्या. बाबा एकदाही नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणणं त्यांना शक्यच नव्हतं, पण उशीर करायला देवीनं कुठं मनाई केली होती? हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी रस्त्यात एकटीच हसत सुटले.

आबांच्याही ध्यानात आलं होतं. ते घरी येऊन हातातली काठी कोपऱ्यात आदळायचे. “समोर दुश्मन आसला तर लढता येतंय. हे म्हातारं समोर बसून व्हय म्हनतंय!” पण बाबांवर ओरडायची त्यांची छाती नव्हती. लहानपणी त्यांना साप चावला होता, तेव्हा बाबांनीच त्यांना जगवलं होतं.

फाल्गुनात एकदा आबा हट्टानं कुऱ्हाड घेऊनच वर गेले. मीही मागोमाग गेले. बाबा निमूटपणे उठले आणि राईच्या कडेला, ज्या बेहड्यावर घाव घालायचं ठरलं होतं तिथं आम्हाला घेऊन गेले. वर बोट दाखवलं. खोडात उंचावर एक ढोली होती आणि तिचं तोंड मातीनं लिंपलेलं, फक्त एक फट राखलेली. एवढ्यात पंखांचा मोठा घरघराट आला आणि एक धनेश पक्षी त्या फटीशी येऊन बसला. चोचीतून उंबरं काढून तो एकेक आत देऊ लागला. आतून एक चोच बाहेर येत होती.

“बाळंतीन हाय आत,” बाबा म्हणाले. “सवताला लिपून घिऊन बसलीया. तिचं पिल्लू उडस्तवर ती भाईर येत न्हाई. आता तुमी सांगा हवालदार. तुमी म्हनत आसाल तर घालतो.”

आबा बराच वेळ मान वर करून उभे होते. मग म्हणाले, “ही कवा सुटनार?”

“वळवाच्या टायमाला.”

आबांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि उतरायला लागले. वाटेत मला म्हणाले, “दुसरं झाड दाखीव म्हटलं, तर त्याच्यात बी कोनतरी निघंल.” कित्येक दिवसांनी ते माझ्याशी बोलले होते. मी हसले आणि लगेच गप्प झाले, कारण ते हसत नव्हते.

त्यानंतर बाबा आजारी पडले. आधी खोकला, मग ताप, मग घोंगड्यावरून उठणं बंद. मेढ्याकडून कुणी जाणता बोलावला, पाटणच्या डॉक्टरचं औषध आणलं, सुनेनं आपलं झाडपाल्याचं चालवलं. काही लागू पडेना. मी रोज वर जायचे. ऑर्डरची चौकशी करायला फाट्यावर जाणं माझं आपोआप बंद झालं होतं.

एका संध्याकाळी वखारवाला आमच्या ओट्यावर होता. त्याचा गोडवा आता आटत चालला होता, कारण पावसाच्या आत लाकूड खाली न्यायचं तर दिवस थोडे होते. तो म्हणाला, “हवालदार, आता देवच वाट काढतोय असं दिसतं.” मला कळलं नाही, पण आबांना कळलं. मग आईनं मला स्वयंपाकघरात सांगितलं. मानाच्या घराण्यातला माणूस गेला की त्याला जाळायला लाकूड राईतलं लागतं. देवी त्या घराला तेवढंच देते. त्याच्या सरणासाठी त्याच्या मुलानं झाड पाडायचं, आणि तो घाव घराण्याचाच असतो. एरवी तेवढ्यावर राई पुन्हा मिटायची. पण आता कौल झालेला होता. म्हणजे मुलानं बापाच्या सरणासाठी घातलेला घाव हाच पहिला घाव ठरणार होता. पुढं वाट मोकळी.

मी बाहेर आले. “तुम्ही बाबा मरायची वाट बघताय,” मी म्हटलं. वखारवाल्यानं कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वाड्यावर गेले. बाबांची बायको, जिला मी आजी म्हणायचे, उंबऱ्यात ताक करत होती. बाबा जागे होते. मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं.

“ठावं हाय,” ते म्हणाले.

“मग सोपं आहे की. दुसरं लाकूड घ्या. जंगलात काय लाकडाला तोटा आहे?”

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग ते बोलायला लागले, दम खात खात. “माजा बा, त्याचा बा, समदी तिच्या लाकडावर गेली. त्या धुराचा वास तिला ठावं हाय. त्यो आला की ती म्हनती, माजा मानूस आला. दुसऱ्या लाकडावर गेलेल्याला ती वळखायची कशी?” आणि डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते घाबरलेले होते. वाघाच्या मागानं म्हैस शोधत जाणारा माणूस, आणि मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं बघत होते. त्यांनी हा मान सोडावा असं मला वाटत होतं, आणि तो सोडा असं कुणीही त्यांना म्हणू नये असंही वाटत होतं. मी त्यांचे पाय दाबत बसले. आजीचं ताक थांबलं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

चैत्रात बाबा गेले. सकाळी वाड्यावरून हाक आली आणि गाव चढायला लागलं. पुढं आबा, अंगात पलटणीचा कोट, बटणं सगळी लावलेली. मागं गुरव, हातात हळदीकुंकवाचं ताट, कुऱ्हाडीची पूजा करायला. वखारवाला लॉरी घेऊन फाट्यावर थांबला होता आणि त्याची माणसं पालाबाहेर येऊन उभी होती. बायकांच्या घोळक्यात मी होते. चालवत नव्हतं आणि थांबवतही नव्हतं. मला वाटत होतं की आता पहिला आवाज येईल, लाकडावर लोखंडाचा, आणि तो आल्यावर आपण कानांवर हात ठेवायचे की नाही?

आवाज आला, पण राईतून नाही. वाड्यावरून आला. वर पोचलो तेव्हा बाबा अंगणात चटईवर निजवलेले होते, आणि त्यांची दोन्ही मुलं घराच्या छपरावर चढलेली. ती गवत उपसून खाली टाकत होती. वासे सुटे करत होती. कारवीच्या भिंती आधीच पाडून बाजूला रचल्या होत्या. ज्या खोलीत मी बाबांचे पाय दाबत बसले होते तिथं आता ऊन आलं होतं. सून तान्ह्या पोराला झोळीत घेऊन सुटलेले वासे ओढून नेत होती.

गुरव ताट धरून तसाच उभा राहिला.

आबा आजीपुढं गेले. “आवं वैनी, हे काय चालवलंय? देवीचं लाकूड हाय की. त्येंचा मान हाय त्यो.”

आजी बाबांच्या उशाशी बसली होती. डोळे कोरडे. “मान त्येंचा व्हता,” ती म्हणाली. “त्येंनी सोडला, पोरांचा बी सोडला. मरताना माझ्याकडनं सबूद घेतला. घरचं लाकूड हाय म्हनले, घरचंच लावा.”

“आणि तुमी ऱ्हानार कुटं?”

“बगू की.”

छपराचा मधला आडवा वासा सुटेना. धुरानं काळा झालेला, फार जुना, आणि दोन माणसांच्या आवाक्याबाहेरचा. धाकटा मुलगा वरून घसरता घसरता वाचला. मी आबांकडे बघत होते. त्यांनी कोटाची बटणं काढली, कोट काढून माझ्या हातात दिला आणि जाऊन त्या वाशाखाली खांदा लावला. मग गावातले आणखी दोघेतिघे गेले. वासा खाली आला. खांब उपटले तेव्हा जमिनीत नुसती भोकं राहिली आणि मधे आजीची चूल.

त्या लाकडावर बाबा गेले. वर्षानुवर्षं धूर प्यालेलं लाकूड, लगेच पेटलं. आम्ही बायका वाड्यावरच थांबलो. राईपलीकडच्या माळावरून धूर वर जाताना दिसत होता आणि आजी तो बघत होती. वारा कुठला आहे तेही बघत होती. धूर राईकडे गेला नाही. सरळ वर गेला, मग खोऱ्याकडे वळला.

पुरुष माणसं परत आली तेव्हा आजी उठून आबांसमोर आली. इतका वेळ जे धरून ठेवलं होतं ते तिच्या तोंडावर आता दिसलं. ती म्हणाली, “हवालदार, तुमी देवीशी लय बोलता. मला यवढंच सांगा. वळखील का वो ती त्येंला?”

आबा म्हणाले, “वळखील. मी जाऊन सांगतो तिला.”

ते उतरले, मी त्यांच्या मागं. मसणवटीतून आलेल्या माणसानं अंघोळ केल्याशिवाय देवीपुढं जायचं नाही, म्हणून ते झऱ्यावर बसले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाणी ओतून घेतलं. मानाचा घाव आता पडायचा नाही हे कळल्यावर कवठे महांकाळची माणसं आपला पसारा आवरत होती. ओल्या अंगानं, अनवाणी ते राईत शिरले. मी बाहेर कोट धरून उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मला तो फार वाटला आणि मी तिथल्या तिथं येरझारा घातल्या.

ते बाहेर आले तेव्हा थंडीनं काकडत होते. मी कोट पुढं केला.

“बाबांचं सांगितलं?”

“सांगितलं. नवसाचं बी सांगितलं. छप्पर काय हुनार न्हाई म्हटलं.”

“मग? कौल काय दिला?”

आबांनी कोटात हात घातले.

“कौल लावलाच न्हाई,” ते म्हणाले. “या वक्ताला इचारलं न्हाई तिला. नुस्तं सांगून आलो.”